ताम्रपट आणि तबकडी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, सहकार, शेती, स्त्रीशिक्षण हे विषय शोभून दिसतात. त्याच मालिकेत आम्ही आज ‘हार्ड रॉक’ नावाच्या गोंगाटी पाश्चात्य संगीताच्या तबकड्यांवर बोलणार, हे वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. आपल्या भागात ‘हार्ड रॉक’ म्हटले की विहीर खोदताना वीस हातांवर लागणारा काळा पाषाणच डोळ्यांपुढे यायचा. तेव्हा प्रथम एवढेच सांगतो की या नावातल्या ‘रॉक’ शब्दाचा दगडाशी संबंध नाही. हेलकावे घेणे, डोलणे असा त्याचा मूळ अर्थ. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून तो शब्द आला, ‘रॉक अँड रोल’ या जोडनावाने जगभर गेला, आणि पुढे त्या संगीताची जी जोरकस, जड शाखा फुटली तिला ‘हार्ड’ हे विशेषण चिकटले. १९७५ ते १९८३ हा त्या शाखेच्या मोठ्या तबकड्यांच्या भरभराटीचा काळ.

हा विषय आम्ही वाशीमच्या श्रोत्यांपुढे का मांडतो, याला कारण आहे. हे गाव एका कोरलेल्या पत्र्याचे ऋणी आहे. १९३९ साली येथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. त्याच्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी, वत्सगुल्म येथून तो दिला गेला होता. तोपर्यंत वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा या नगरीत राज्य करीत होती, ही गोष्ट इतिहासाच्या स्मरणातून गेली होती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात त्या राजांची नावे होती. पण अक्षरे झिजलेली असल्यामुळे ती चुकीची वाचली जात. ताम्रपट हाती आला, आणि वासुदेव विष्णु मिराशी यांच्यासारख्या संशोधकांनी तो लेख नव्याने वाचला. एका पत्र्याने एक राजवंश परत दिला.

तबकडी हाही एक कोरलेला पत्राच आहे. त्यावर अक्षरांऐवजी नाद कोरलेला असतो, एवढाच फरक. म्हणून ताम्रपटाला जे प्रश्न आपण विचारतो तेच तबकडीलाही विचारावेत: तो कशावर कोरला, कोणी कोरविला, कोणत्या भाषेत कोरला, आणि तो जपून कोणी ठेवला? या चार प्रश्नांच्या आधाराने आपण पुढे जाऊ.

पहिला प्रश्न साधनाचा. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचे युग सुरू झाले असे मानतात. त्या जुन्या तबकड्या लाखेच्या असत. पळस, बोर, कुसुम या झाडांवर कीटकाने केलेली लाख हिंदुस्थानातून जगभर जाई आणि तबकडी होऊन परत येई. मिनिटाला ७८ फेरे, आणि एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे. नाट्यसंगीताच्या मैफलीत एकेक पद अर्धा अर्धा तास रंगविणाऱ्या बालगंधर्वांना तबकडीसाठी तेच पद तीन मिनिटांत बसवावे लागे. आपल्या आजोबा-आजींनी ते पद तबकडीवरूनच पाठ केले, आणि तीन मिनिटांचे रूप हेच त्या पदाचे खरे रूप असे पुढच्या पिढीला वाटू लागले. साधन केवळ कलेला वाहून नेत नाही, ते तिला कापून-बेतूनही घेते, हा या व्याख्यानातला पहिला मुद्दा आम्ही आपल्या ध्यानात आणून देतो.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला सव्वातेहेतीस फेऱ्यांची बारा इंची दीर्घ तबकडी काढली. मुळात ते माप तेहेतीस आणि एक तृतीयांश, पण बोलताना सव्वातेहेतीस खपून जाते. ती लाखेऐवजी व्हिनाइलची होती, खाच बारीक होती, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे सहज बसत. एका बाजूची खाच उलगडून सरळ केली तर ती सव्वाचारशे मीटरांच्या आसपास भरेल. या तबकडीमुळे गाण्यांचा संग्रह एका वहीसारखा, एका विचाराने बांधता येऊ लागला. त्यालाच इंग्रजीत ‘अल्बम’ म्हणतात. कोणते गाणे आधी, कोणते नंतर, पहिली बाजू कोठे संपवावी, वेष्टनावर चित्र कोणते, या साऱ्याचा मिळून एक ग्रंथ तयार होऊ लागला.

यात एक अडचण होती, आणि ती आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. आवाज जितका मोठा, विशेषतः खर्जातला, तितकी खाच रुंद कोरावी लागते. आणि खाच रुंद झाली की बाजूवर वेळ कमी बसतो. म्हणजे ज्या संगीताचा प्राणच मोठ्या आवाजात, त्याला तबकडीवर सर्वांत जास्त काटकसर करावी लागे. म्हणून हार्ड रॉकच्या नामांकित तबकड्या पस्तीस-चाळीस मिनिटांत आटोपतात. त्यांत फापटपसारा कमी असतो. बंधनाने कलेला कस येतो, हे छंदोबद्ध कवितेच्या रसिकांना आम्ही सांगावयास नको.

आता या संगीताचे स्वरूप. त्याचा उगम ज्या गावांत झाला त्यांपैकी इंग्लंडातील बर्मिंगहॅम हे एक. हे लोखंडाचे, पत्र्याचे, यंत्रांचे गाव. तेथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा असल्यामुळे नेमका तोच हात तारा दाबण्याचा. गिटार आता संपली असे तो समजून चालला होता. तेव्हा कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची एक तबकडी ऐकविली. जँगोची दोन बोटे आगीत निकामी झालेली होती आणि तरीही तो युरोपातला अव्वल गिटारवादक होता. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, सैल आणि हलक्या तारा चढविल्या, आणि त्याच्या हातून एक जड, काळोखा नाद निघाला. १९७० साली त्याच्या ‘ब्लॅक सबाथ’ या मंडळीची पहिली तबकडी निघाली. एका तबकडीने कामगाराच्या पोराला वादक ठेवले, आणि त्याने संगीताची एक शाखा उभी केली.

या संगीताच्या नादाचे शास्त्र आपल्याला परके नाही. विद्युत्-गिटारीचा आवाज ध्वनिवर्धकात त्याच्या शक्तीपलीकडे रेटला की तो फाटतो आणि त्यात अनेक उपस्वर उमटतात. अशा फाटलेल्या आवाजात गांधार वाजविला तर सारे गढूळ होते. म्हणून हे वादक गांधार गाळून फक्त षड्ज आणि पंचम एकत्र छेडतात, कारण तीनास दोन हे त्यांचे प्रमाण इतके साधे आहे की कितीही रेटले तरी ते बिघडत नाही. षड्ज-पंचमाची ही जोडी आपल्या तंबोऱ्यात नित्य वाजते. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून आपण जवारी काढतो, तीही उपस्वर जागे करण्यासाठीच. एकाने ती गोष्ट शांतीसाठी केली, दुसऱ्याने आवेशासाठी. साध्य निराळे, पण नादाचा नियम दोघांनाही एकच.

आता त्या भरभराटीच्या काळातल्या काही तबकड्या पाहू. सगळ्यांची जंत्री देत बसलो तर वेळ पुरणार नाही. म्हणून जेथे सांगण्यासारखे आहे तेथेच थांबतो.

१९७६ साली ‘बॉस्टन’ या नावाची तबकडी आली. तिचा कर्ता टॉम शोल्झ हा पोलरॉइड कंपनीत अभियंता होता आणि तिचा बराच भाग त्याने घराच्या तळघरात मुद्रित केला होता. १९७८ साली अमेरिकेत ‘व्हॅन हेलन’ची पहिली तबकडी निघाली; एडी व्हॅन हेलनने सुटे भाग जोडून स्वतः बनविलेल्या गिटारीवर जे वाजविले त्याने पुढच्या वीस वर्षांचे गिटारवादक झपाटले गेले. १९८० साली ‘जुडास प्रीस्ट’ची ‘ब्रिटिश स्टील’, १९८२ साली ‘आयर्न मेडन’ची ‘द नंबर ऑफ द बीस्ट’, अशी ही रांग आहे.

१९८०ची ‘बॅक इन ब्लॅक’ मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियातील ‘एसी/डीसी’ या मंडळीचे आधारस्तंभ माल्कम आणि अँगस यंग हे दोघे भाऊ. त्यांचे कुटुंब स्कॉटलंडातून पोटासाठी ऑस्ट्रेलियात गेलेले. १९७९ साली त्यांची ‘हायवे टू हेल’ गाजली आणि १९ फेब्रुवारी १९८० रोजी त्यांचा गायक बॉन स्कॉट वारला. मंडळी मोडणार असे वाटत असता त्यांनी ब्रायन जॉन्सन हा नवा गायक घेतला, बहामा बेटांवर जाऊन काम पुरे केले, आणि २५ जुलैला, म्हणजे मृत्यूनंतर पाच महिन्यांहून थोड्याच अधिक काळात, तबकडी बाहेर काढली. वेष्टन संपूर्ण काळे, सुतकाचे. तबकडी सुरू होते ती घंटेच्या टोल्यांनी. इंग्लंडात लफबरो या गावी एका मनोऱ्यातील घंटा मुद्रित करण्याचा प्रयत्न झाला. पण प्रत्येक टोल्याला पाखरे फडफडून उठत आणि त्यांचा आवाज मुद्रणात येई. शेवटी तेथल्याच ओतशाळेत मंडळीसाठी ओतलेली सुमारे २,००० पौंडांची घंटा वाजवून ते टोले घेतले. सगळी तबकडी ४२ मिनिटांची. मयताच्या घरची माणसे दिवस संपताच कामाला लागतात आणि त्या कामातच शोक वाहून जातो, तशी ही तबकडी आहे. जगात सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांत तिची गणना होते.

दुसरी तबकडी ‘क्वीन’ या मंडळीची, १९७७ची ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’. तिच्या पहिल्या गाण्यात जवळजवळ शेवटपर्यंत एकही वाद्य नाही. दोनदा पाय आपटणे आणि एकदा टाळी, एवढ्यावर ते उभे आहे. हा विचार ब्रायन मे या गिटारवादकाचा. एका कार्यक्रमात श्रोत्यांनीच गाणे उचलून धरले. तेव्हा श्रोत्यांना वाजविता येईल असेच काही द्यावे असे त्याला सुचले. लंडनच्या ज्या वास्तूत हे मुद्रण झाले ती पूर्वीची चर्चची इमारत. चार-पाच माणसांच्या पायांचा आवाज हजारोंचा वाटावा म्हणून मेने तो पुन्हा पुन्हा थोड्या उशिराने वाजविला, आणि उशिराची अंतरे मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवली, म्हणजे प्रतिध्वनीचा भास होणार नाही. हा मनुष्य भौतिकशास्त्राचा विद्यार्थी होता. २००७ साली त्याने खगोलभौतिकीत डॉक्टरेट मिळविली. त्याची गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड घेऊन घरीच बनविलेली. दिंडीत पावली खेळताना पाय आणि टाळी यांवर शेकडो माणसे एकजीव होतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या गाण्याचे मर्म सांगावे लागणार नाही.

याच मंडळीचा गायक महाराष्ट्रात वाढला, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल. जगाला फ्रेडी मर्क्युरी म्हणून माहीत असलेला हा गायक म्हणजे फारुख बुलसारा, झांझिबार बेटावर ५ सप्टेंबर १९४६ रोजी जन्मलेला पारशी मुलगा. वडील ब्रिटिश सरकारी कचेरीत रोखपाल. आठ वर्षांच्या फारुखला त्यांनी शिक्षणासाठी सातारा जिल्ह्यातील पाचगणीस, सेंट पीटर्स शाळेत ठेवले. तेथे तो पियानो शिकला, शाळेच्या गायकवृंदात गायला, आणि सवंगड्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाची मंडळी काढून शाळेच्या समारंभांत वाजवू लागला. सह्याद्रीच्या माथ्यावर, आईबापांपासून समुद्रापलीकडे, शाळेच्या वसतिगृहात त्याचे कानाचे वळण पडले. १९६४ साली झांझिबारात क्रांती होऊन कुटुंब इंग्लंडात गेले. पुढे जगातली मोठमोठी मैदाने त्याने भारून टाकली. १९९१ साली तो वारला. महाराष्ट्राच्या संगीताच्या इतिहासात त्याला जागा द्यावी की नाही यावर आम्ही वाद घालीत नाही; पाचगणी वगळून त्याचे चरित्र लिहिता येत नाही, एवढे पुरे आहे.

आता आपण मुंबईत येऊ, कारण खरा प्रश्न तेथे आहे. हे संगीत आपल्याकडे आले, वाजले, आवडले. मग त्याच्या तबकड्या आपल्याकडे का झाल्या नाहीत?

सुरुवात वाईट नव्हती. इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या सिमला सिगारेटींच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ स्पर्धा भरविल्या आणि १९७० व १९७१ या दोन वर्षांच्या स्पर्धकांची एकेक दीर्घ तबकडी निघाली. कोरविणारा कोण, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे हे उत्तर पाहा: राजा नव्हे, देवस्थान नव्हे, तर सिगारेटवाला! १९७२ साली ‘लेड झेपेलिन’चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईस आले. त्यांनी कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या नाचघरात वाजविले, आणि मुंबईतल्या सतार, तबला, सारंगी, व्हायोलिन वाजविणाऱ्या वादकांसह आपली दोन गाणी मुद्रित केली. ते मुद्रण २०१५ साली, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी, रीतसर प्रसिद्ध झाले.

१९७४ साली अलेक पदमसी यांनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ मुंबईच्या रंगभूमीवर आणले. हे नाटक मुळात १९७०च्या तबकडीतून जन्मलेले. त्या तबकडीत ख्रिस्ताची गाणी ‘डीप पर्पल’च्या इयन गिलनने म्हटली होती. मुंबईच्या प्रयोगात ख्रिस्त झाले मधुकर धस आणि जूडास झाले नंदू भेंडे. नंदू हे मराठी रंगभूमीवरील आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. फार्सच्या घरात जन्मलेला हा मुलगा वेल्व्हेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर अशा मंडळ्यांतून रॉक गात होता.

मधुकर धस ज्या मंडळीचे गायक होते ती ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’. कीथ कांगा, नील चट्टोपाध्याय, व्हॅलेंटाइन लोबो ही तीतली आणखी ठळक नावे. ही नावे एका ओळीत वाचली की मुंबईचे मोहल्लेच डोळ्यांपुढे येतात. या मंडळीची एकच दीर्घ तबकडी: ‘ऑब्सेशन ७७’. नावात ७७चे वर्ष. पण म्युझिक इंडिया कंपनीने ती बाजारात आणली १९८१ साली. स्वतःच्या रचनांबरोबर इतरांच्या गाण्यांच्या आवृत्त्याही तीत आहेत. ज्या दशकात लंडन-न्यूयॉर्कात दर महिन्याला अशा तबकड्या निघत होत्या, त्या दशकातली मुंबईची मिळकत मोजायला बसले तर बोटे उरतात.

असे का झाले? आम्हांस तीन कारणे दिसतात.

एक, साधनांचे. चांगली विद्युत्-गिटार, चांगला ध्वनिवर्धक परदेशातून येणार; त्यावर परवाने आणि जकात. मंडळी उसनवारीवर आणि घरगुती दुरुस्तीवर वाजवीत.

दोन, बाजाराचे. तबकड्यांच्या कंपन्या आपल्याकडे थोड्या, आणि त्यांचे पोट चित्रपटसंगीतावर भरे. पॉलिडोरने ‘शोले’च्या नुसत्या संवादांची तबकडी काढली आणि ती घरोघर गेली. जेथे संवाद विकतात तेथे चार पोरांच्या गोंगाटावर पैसे कोण लावणार? चित्रपटाने या संगीतातला मसाला मात्र बिनदिक्कत उचलला. १९७१च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ने विद्युत्-गिटार वाशीमसारख्या गावांच्या चित्रपटगृहांतही पोचविली, राहुल देव बर्मन यांचे नाव त्यासाठी घ्यावेच लागेल.

तिसरे कारण भाषेचे, आणि आम्ही सर्वांत अधिक महत्त्व त्यालाच देतो. या मंडळ्या इंग्रजीत गात होत्या, आणि पुष्कळदा दुसऱ्यांचेच गात होत्या. कुलाब्याच्या नाचघरात ते खपले. दादरला आले नाही, मग अकोला-वाशीमला कोठून येणार? ज्या मुलाला गिटारीचा नाद आवडे त्याला शब्द कळत नसत, आणि ज्यांना शब्द कळत त्यांची संख्या एवढी नव्हती की तबकडीचा खर्च निघावा. वाशीमच्या ताम्रपटाकडेच पाहा. त्यात वंशावळ संस्कृतात आहे. पण दानाचा व्यवहार, ज्याच्याशी लोकांचा संबंध, तो प्राकृतात आहे. राजाला ठाऊक होते की मान एका भाषेत मिळतो आणि काम दुसऱ्या भाषेत होते. मुंबईच्या रॉक मंडळ्यांनी वंशावळ सांगितली, आणि व्यवहाराची भाषा राहून गेली.

याला एक सुंदर अपवाद आहे. १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगभूमीवर आणला. ब्रेश्टचे मूळ नाटक बर्लिनचे, १९२८ सालचे, त्याच्याही मागे दोनशे वर्षांपूर्वीचे एक इंग्रजी नाटक. मराठी रूप पु. ल. देशपांड्यांचे, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे. त्यात लावणी, कव्वाली, नाट्यपद यांच्या शेजारी पाश्चात्य ठेक्याचे गाणे उभे राहिले, आणि ते गाणारा अंकुश होते नंदू भेंडे. जो गळा सुपरस्टारमध्ये इंग्रजीत किंचाळला तोच येथे मराठीत गायला, आणि प्रेक्षकांना तो परका वाटला नाही. याचा अर्थ असा की या नादाला मराठी शब्द पचत नाहीत हे म्हणणे खोटे होते. प्रयत्न झाला तेथे तो पचला; प्रयत्न थोडे झाले. २०१४ साली नंदू भेंडे गेले, तेव्हा या वाटेवरचा एक मोठा प्रवासी गेला.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. मुद्रण स्वस्त झाले आणि कंपन्यांची मक्तेदारी मोडली. १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ ही मंडळी निघाली. महेश तिनईकर, उदय बेनेगल आदींनी दुसऱ्यांची गाणी सोडून स्वतःची रचण्याचा आग्रह धरला आणि १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा त्यांचा संग्रह आला. पुढे १९९३ साली त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. १९८६पासून धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’चे मेळे भरू लागले. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर इस्पितळे आणि विद्यालये यांच्या सान्निध्यामुळे ते उघडे रंगभवन शांतता क्षेत्रात गणले गेले आणि तेथले हे मेळे बंद पडले.

येथे आपल्यापैकी कोणी म्हणेल, बरे झाले. गोंगाट तो गोंगाटच! या आक्षेपाला आम्ही टाळणार नाही. आपल्या गावाच्या मिरवणुकांत डीजेच्या भिंती उभ्या राहतात, खिडक्यांची तावदाने थरथरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडते. त्याचा वीट येणे स्वाभाविक आहे, आणि रात्री दहानंतरचा नियम पाळला गेलाच पाहिजे. पण मोठा आवाज आणि मोठे संगीत हे दोन निराळे विषय आहेत. पोहरादेवीच्या यात्रेत बंजारा समाजाचा नगारा घुमतो तेव्हा तोही जमीन हादरवितो. त्याला कोणी गोंगाट म्हणत नाही, कारण त्या आघातात लय आहे, श्रद्धा आहे, आणि वाजविणाऱ्याच्या हाताला पिढ्यांचे वळण आहे. कसोटी लावायची तर ही लावा: वाजविणाऱ्याने काही कमावून आणले आहे की नुसती कळ फिरविली आहे? बर्मिंगहॅमच्या त्या बोटे गेलेल्या पोराने कमावले होते.

परकेपणाचा आक्षेपही जुनाच. आपली पेटी, जिच्याशिवाय मराठी भजन आणि नाट्यपद उभे राहत नाही, ती युरोपातून आलेली. ती परकी आणि आपल्या श्रुतींना मारक म्हणून आकाशवाणीने १९४० ते १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवले. तीस वर्षे पेटी आकाशवाणीवर नव्हती आणि देवळोदेवळी वाजत होती. शेवटी आकाशवाणीलाच दार उघडावे लागले. समाज ज्याला कवटाळतो ते परके राहत नाही.

आता शेवटचा प्रश्न, जपणुकीचा. ‘ऑब्सेशन ७७’ आपण विसरून गेलो. २०११ साली नाऊ-अगेन या अमेरिकन कंपनीने ती पुन्हा काढली, तेव्हा जगाला आणि मुंबईलाही ठाऊक झाले की असे काही येथे घडले होते. आपल्या घरची वस्तू शेजाऱ्याने पुसून परत आणून द्यावी, तसे हे झाले. बाकीच्या मंडळ्यांची मुद्रणे कोठे आहेत? माळ्यावर, ओल धरलेल्या पेटीत, भंगारवाल्याच्या तराजूत. आणि हे केवळ रॉकचे नाही. आपल्या जिल्ह्यातील लोकगायकांच्या, भजनी मंडळांच्या, शाहिरांच्या, बंजारा गीतांच्या कॅसेटी याच वाटेने चालल्या आहेत. फीत चिकटते, बुरशी धरते, वाजविणारे यंत्र मिळत नाही. तबकडी शंभर वर्षे टिकेल. कॅसेट नातवंडांपर्यंत पोचेल याची खात्री नाही.

याची किंमत काय असते हे वत्सगुल्माने एकदा मोजली आहे. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा स्वतः कवी. त्याने ‘हरिविजय’ नावाचे प्राकृत महाकाव्य लिहिले. मोठमोठ्या अलंकारशास्त्रज्ञांनी त्याची वाखाणणी केली, त्यातले श्लोक उदाहरणादाखल घेतले. आज ते काव्य नाही. ती उदाहरणे तेवढी शिल्लक आहेत. राजाचे काव्य जेथे हरवते, तेथे गल्लीतल्या चार पोरांचे गाणे कोण सांभाळणार? म्हणून आमची विनंती साधी आहे. घरी जाऊन कपाट उघडा. जुन्या तबकड्या, कॅसेटी काढा. त्यांवर गाणारा कोण, वाजविणारा कोण, वर्ष कोणते, हे जाणत्या माणसाला विचारून लिहून ठेवा. आणि गावच्या वाचनालयाने त्यांची संगणकावर नक्कल करून ठेवण्याची सोय करावी. आवडनिवड नंतर. ताम्रपट सापडला तेव्हा त्यातला राजा चांगला होता की वाईट, हे कोणी आधी विचारले नव्हते.

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाची कथा सांगितली आहे. साहित्यविद्या ही वधू त्याच्या मागोमाग देशोदेश फिरली. प्रत्येक देशी वेष बदलला, नृत्य बदलले, बोलण्याची रीत बदलली, आणि अखेर विदर्भात वत्सगुल्म नगरी त्यांचा विवाह झाला. ज्या गावाला देशोदेशींच्या चाली पाहून आलेल्या त्या वधूवरांचे लग्न लावण्याचा मान मिळाला, त्या गावाने दारी आलेल्या नव्या नादाला निदान बसायला पाट द्यावा, इतकेच आमचे मागणे आहे.